मुदतीचा माणूस

आमच्या ऑफिसात एकदा प्लगमधून धूर निघाला. प्लग दिनकर चुरीच्या खुर्चीमागे, आणि मेन स्विच त्याच्या डोक्याच्या वर, नुसता हात उंचावला तर पोचेल असा. मी समोरच्या टेबलावरून हाक मारली, "चुरी, धूर."

चुरीने स्क्रीनवरची नजर हलवली नाही. म्हणाला, "मेल टाका."

माझ्या जागी नवा माणूस असता तर तो धावत सुटला असता. पण मी चुरीसमोर बरीच वर्षं बसलो आहे. मी मुकाट्याने मेल लिहिला. विषय: धूर. मजकूर: तुमच्या मागे. पाठवला. त्याच्या मशीनवर टिंग वाजलं. त्याने मेल उघडला, वाचला, उठला आणि एका झटक्यात मेन स्विच पाडला. सगळं ऑफिस बंद. वीज परत आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते माझ्या मेलवर शेरा मारण्याचं: "सुरक्षाविषयक. सात वर्षं." आणि मला म्हणाला, "सामंत, विषयाची ओळ झकास लिहिलीत. लोक नुसतं 'अर्जंट' लिहितात. अर्जंट हा काय विषय झाला?"

तोंडावर मी त्याला 'अहो चुरी' म्हणतो. इथे अरे-तुरे करतोय ते केवळ प्रेमापोटी, आणि तो हे वाचण्याची शक्यता कमी आहे म्हणून. छापील गोष्टींवर त्याचा विश्वास नाही. कोणी, कधी, कोणाला पाठवलं, हे त्यांच्यावर नसतं.

आमची कंपनी लोकांचा माल ठेवून घेते. वसईजवळ कामणच्या रस्त्याला गोदामांची रांग आहे, त्यातली सहा आमची. तिथल्याच एका गोदामाच्या माळ्यावर ऑफिस. मी माल रवाना करतो. चुरी मेल सांभाळतो. कंपनीत आलेला-गेलेला प्रत्येक मेल त्याच्या खात्यात साठतो. खातं म्हणजे तो, एक काचेची खोली आणि एक एसी, जो माणसांसाठी नसून मशीनसाठी आहे. उन्हाळ्यात मॅनेजरसाहेब सुद्धा काहीतरी कारण काढून त्या खोलीत उभे राहतात. चुरी त्यांना विचारतो, "काम?" ते म्हणतात, "सहज." तो म्हणतो, "मेल टाका."

लोकांना वाटतं, हा जपणारा माणूस. साफ चूक. चुरी पुसणारा माणूस आहे. "जपायला काय, उंदीरही जपतो," तो म्हणतो. "टाकायचं कधी, हे कळायला अक्कल लागते." त्याच्या राज्यात प्रत्येक मेलला जन्मतःच आयुष्य ठरवून मिळतं. फुटकळ मेल नव्वद दिवस. व्यवहाराचा सात वर्षं. आणि जमिनीच्या कागदांसारखा अगदी थोरामोठ्यांचा, तो कायम. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी चुरी बटण दाबतो आणि गोठ्यातलं जनावर मोकळं सोडावं तसा म्हणतो, "सुटला." एकदा मॅनेजरसाहेबांना एक मेल हवा होता. मुदत आदल्या दिवशी संपलेली. साहेब म्हणाले, "अहो, एक दिवस मागेपुढे." चुरी म्हणाला, "मुदत म्हणजे मुदत." साहेब बिचारे एसीखाली थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

आगाशीला त्याच्या घरी मी एकदा गेलो होतो. बाजारातून आत गेलं की जुन्या वाडीचा उरलेला तुकडा आहे, त्यात दोन खोल्या. मला वाटलं होतं, गठ्ठेच्या गठ्ठे असतील. घर इतकं मोकळं की हाक मारली तर आवाज परत यावा. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी: एक वर्ष. लग्नाची पत्रिका आली की तो लग्नाला जातो, जेवतो, आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका बंबात. लग्न त्याने स्वतः केलं नाही. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "कायम या वर्गात फार कमी गोष्टी टाकाव्यात, सामंत."

तिथेच मी त्याला माझ्या लहानपणची, मालवणची, एक फार चांगली गोष्ट सांगितली. ती ऐकून लोक रडलेले आहेत. चुरीने पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "लेखी आहे?"

"अहो, आठवण आहे ती."

"आठवण हा पुरावा नव्हे," चुरी म्हणाला आणि मला सुकेळी दिली. सुकेळी आगाशीची, त्याच्या स्वतःच्या वाडीतल्या केळ्यांची, उन्हात वाळवून पानात बांधलेली. जगात टिकणाऱ्या वस्तूंपैकी फक्त तिच्याबद्दल तो आदराने बोलतो.

या माणसाची थट्टा करण्याची हिंमत ऑफिसात एकाच व्यक्तीला होती. फिलूबाय. मूळ नाव फिलोमिना, वसईतल्या पाचूबंदरची, बाप-भाऊ सगळे बोटीवर, नवरा तरुणपणीच गेलेला. ती आवक विभागात होती. ट्रक आला की खोकी मोजायची, कोरडी की भिजकी ते बघायची आणि तसा मेल टाकायची. तिचं टेबल चुरीच्या काचेच्या इतकं जवळ की तिने पेन आपटलं तरी त्याला ऐकू जाई. पहिल्या आठवड्यात तिने जेवणाच्या सुट्टीत काचेवर टिचकी मारून विचारलं, "चुरी, जेवायला येता काय?" चुरी सवयीने म्हणाला, "मेल टाका."

दुसरी कोणी असती तर नाक मुरडून गेली असती. फिलूबाय परत टेबलाशी बसली आणि तिने मेल टाकला. तो मेल मी पाहिला नाही. मला एवढंच दिसलं की टिंग वाजलं, आणि चुरी आपला डबा घेऊन काचेबाहेर आला.

त्यानंतर ती निवृत्त होईपर्यंत रोज एक वाजता टिंग वाजत असे. दोन माणसं, मध्ये एक काच, आणि जेवणाचं आमंत्रण मुंबईतल्या कुठल्यातरी सर्व्हरला वळसा घालून येत असे. मासळीवाल्यांच्या घरातली असल्यामुळे मुदतीचा प्रकार तिला चुरीपेक्षा चांगला कळत होता. "तुमची मेल नव्वद दिस टिकते," ती म्हणायची. "आमची मासळी दुपारपर्यंत. आम्हाला शिकवू नका."

मग एका गिऱ्हाइकाने आमच्यावर खटला भरला. त्याच्या पंख्यांची खोकी भिजली होती. तो म्हणे, तुमच्या गोदामात भिजली. आम्ही म्हणत होतो, भिजूनच आली. आता असा खटला उभा राहिला की चुरीच्या शास्त्रात एक वेगळंच कलम लागू होतं. त्याला होल्ड म्हणतात. ज्यांचा ज्यांचा त्या मालाशी संबंध, त्यांच्या मेलबॉक्सवर होल्ड लागतो: खटला संपेपर्यंत, मुदत उलटली तरी, एक अक्षर पुसायचं नाही. खोकी फिलूबायने उतरवून घेतलेली, म्हणून तिच्या मेलबॉक्सवर होल्ड आला. चुरीचा पंख्यांशी काही संबंध नव्हता. त्याचा मेलबॉक्स नेहमीसारखा वाहत राहिला, नव्वद दिवस झाले की सुटला, नव्वद दिवस झाले की सुटला.

खटला कोर्टाच्या चालीने चालला. दरम्यान फिलूबाय निवृत्त झाली. केक कापला, फोटो काढले, ती पाचूबंदरला घरी गेली. चुरी पुन्हा काचेआड एकटा जेवू लागला.

ती गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी कोर्टाने मेल मागितले. आमच्या वकीलबाई अंधेरीहून आल्या, तरुण, चष्मेवाल्या, घाईच्या. त्यांनी सांगितलं, ज्या ज्या मेलमध्ये पाणी हा शब्द आहे ते सगळे काढा, वाचा, आणि खटल्याशी संबंधित की असंबंधित ते ठरवा. माल माझ्या खात्याचा म्हणून मीही बसलो. चुरी मेल वाचणार, बाई निर्णय देणार, मी मान हलवणार.

पाणी पुष्कळ निघालं. कूलरमधलं पाणी संपलं. फुलपाड्याला घरी पाणी आलं नाही म्हणून उशीर, हा तर माझाच. चुरी रेडिओवरच्या बातम्यांसारखा एका सुरात वाचत होता. मग त्या यादीतला फिलूबायचा पहिला मेल आला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं तिचं मराठी तो घडाघडा वाचत गेला:

"विषय: कोलंबी. मजकूर: डबा उघडलाय. कालवनात पानी जास्त झालंय, तरी या. दोन मिनटांत आलात नाय तर मुदत संपली समजा."

वकीलबाईंनी वर पाहिलं. "हे कोणाला लिहिलंय?"

"मला."

"कशासाठी?"

"जेवायला."

"मग याची प्रत तुमच्या मेलबॉक्समध्येही असेल ना?"

"नव्वद दिवस झाले," चुरी म्हणाला. "पुसली."

"स्वतःला आलेली?"

"मुदत म्हणजे मुदत."

बाईंनी चष्मा काढला. "मिस्टर चुरी, हा मेल संबंधित की असंबंधित?"

चुरीचे कान लाल झाले. "असंबंधित," तो म्हणाला आणि तसा शेरा मारला.

"असे आणखी आहेत?"

"पुष्कळ."

"सगळे वाचायला हवेत का?"

"नियमाने हवेत," चुरी म्हणाला, आणि बाई नको म्हणायच्या आत त्याने पुढचा उघडला. विषय: बोंबील. विषय: काल रुसला होतात काय. विषय: ईस्टरची अंडी, तुमची दोन. ज्यांत पाण्याचा थेंब नव्हता तेही वाचले, संदर्भासाठी म्हणून. त्याचा बातम्यांचा सूर केव्हा सुटला ते त्यालाही कळलं नाही. 'रावस' या विषयाला वकीलबाई म्हणाल्या, "मला भूक लागलीय," आणि आम्ही वेळेआधीच उठलो.

शेवटचा मेल निवृत्तीच्या दिवशीचा होता. "विषय: रविवार. मजकूर: उद्यापासून डबा ऑफिसात येनार नाय. चर्चात मिस्सा झाल्यावर आमच्या घरी या. पाचूबंदर, कोनालाही इचारा."

चुरीने तो वाचला, असंबंधित म्हणून शेरा मारला. बाई गेल्यावर मी विचारलं, "मग गेलात का तुम्ही?"

"नाही."

"का?"

"कोणता रविवार, ते लिहिलं नव्हतं," चुरी म्हणाला.

मला हसू आलं नाही, याचं मला नवल वाटलं. वसईच्या टोकाला बाई बसलीय, आगाशीहून बस जाते, आणि हा गृहस्थ आमंत्रणात तारीख नाही म्हणून थांबलाय. "अहो, मग विचारायचं," मी म्हणालो. "काय लिहून विचारू?" तो म्हणाला. "तिचा ऑफिसचा पत्ता बंद झाला. आणि विषय काय टाकू?"

त्यानंतर माझ्या लक्षात आलं की रोज एक वाजता चुरी डबा उघडतो आणि फिलूबायचा मेलबॉक्सही उघडतो. होल्डमधला मेलबॉक्स उघडला की मशीन कारण विचारतं, आणि माल माझ्या खात्याचा म्हणून त्या कारणांवर दर तीन महिन्यांनी माझी सही लागते. चुरीने रोज कारण लिहिलं होतं: फेरतपासणी. मी सही केली. मालवणच्या माणसाला एवढं कळतं.

आणि मग एके दिवशी तडजोड झाली. गिऱ्हाईक थोडं मागे सरलं, आम्ही थोडे पुढे. मॅनेजरसाहेबांनी पेढे वाटले. चुरीने पेढा टेबलावर ठेवला आणि मेल टाकला. विषय: घाई नको. मजकूर: समोरचा पक्ष अपील करू शकतो, होल्ड चालू ठेवावा. वकीलबाईंनी उत्तर दिलं, तडजोडीवर अपील नसतं. चुरीने लिहिलं, माल दुसऱ्याही गिऱ्हाइकाचा भिजला असू शकतो. बाईंनी लिहिलं, असा कोणी आहे का? चुरीने लिहिलं, शोध चालू आहे. ज्याने मॅनेजरला एक दिवस दिला नाही, तो महिनाभर एकेक दिवस मागत होता. सगळ्या ऑफिसला वाटलं, चुरी म्हातारा झाला. शेवटी बाईंनी एकच ओळ पाठवली: होल्ड उठवला आहे, आपल्याच नियमाप्रमाणे कार्यवाही करावी.

आपल्याच. त्या शब्दाशी चुरीचा शोध संपला.

मेलबॉक्स नष्ट करताना साक्षीदार लागतो. तो मी. चुरी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला. पडद्यावर फिलूबायचं नाव, खाली मशीनचा प्रश्न: ही क्रिया मागे घेता येणार नाही, खात्री आहे? मी दरवाजा लोटला आणि खिशातला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "चुरी, मी जरा खिडकीबाहेर बघतो. ट्रक आलाय वाटतं."

चुरीने पेनड्राइव्हकडे असं पाहिलं, जणू मी देवळातली घंटा पळवायला सांगितली. "सामंत, तुम्ही साक्षीदार आहात की चोर?"

"दोन्ही जमेल."

"उचला तो."

मी उचलला. त्याने बटण दाबलं. आकडे पळाले, थांबले, नाव गेलं. मी 'सुटला' ऐकायची वाट पाहत होतो. ते आलं नाही. एक वाजला. चुरीने डबा उघडला, झाकण हातात धरून बसला. मग म्हणाला, "सामंत, त्या कालवणात पाणी खरंच जास्त असायचं का हो?"

"मला काय ठाऊक? मला कधी बोलावलं होतं?"

"मला आठवत नाही," चुरी म्हणाला.

खरं तर 'आठवण हा पुरावा नव्हे' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. आयुष्यात एवढा सुंदर मोका मी दुसरा सोडलेला नाही.

त्याने डबा तसाच बंद केला आणि नियमांची फाईल काढली. पानं उलटता उलटता एका ठिकाणी थांबला. "मेलबॉक्स नष्ट केला की तो ज्याच्या नावे होता त्याला कळवावं लागतं," तो म्हणाला. "लेखी."

"मग टपालाने पाठवा."

"टपालाचा भरवसा नाही," चुरी म्हणाला. "हातोहात द्यावं. तुम्ही साक्षीदार म्हणून चला. रविवारी."

"कोणत्या रविवारी?"

"येत्या," तो म्हणाला, आणि स्वतःच जरा दचकला.

निर्मळवरून जाणाऱ्या बसने आम्ही गेलो. चुरीने रविवारी सुद्धा गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घातलं होतं. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात सुकेळीचं पुडकं. पाचूबंदरला बोंबील वाळत टाकलेले, खाली मांजरं डोळे मिटून बसलेली. घर कोणालाही विचारायला लागलं नाही. फिलूबाय ओट्यावरच होती, मिस्साची साडी बदलून गाऊनमध्ये, पुढ्यात कोलंबीची परात. तिने वर पाहिलं. तिला आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही. कोलंबी सोलत राहिली.

चुरीने उभ्यानेच फाईल उघडली आणि बातम्यांच्या सुरात वाचलं, "आपल्या नावे असलेला मेलबॉक्स मुदत संपल्यामुळे नष्ट करण्यात आला आहे. कृपया नोंद घ्यावी."

"सगला?" फिलूबायने विचारलं.

"सगळा."

"कोलंबीचे पन?"

"कोलंबीचेही."

"मग तुमच्याकडं काय ऱ्हायलं?"

चुरीने फाईलमध्ये पाहिलं. तिथे एकच कागद होता आणि तो त्याने आत्ताच वाचून दाखवला होता. "काही नाही," तो म्हणाला.

फिलूबायने सोललेली कोलंबी वाडग्यात टाकली. "रिटायर झाले त्या रविवारी मी तीन वाजेपर्यंत थांबले, चुरी. मग पुढच्या. भावजय म्हनाली, ह्या मानसाला काय दिशा म्हायती नाय? मी म्हनले, दिशा म्हायती हाय, तारीख नाय." तिने हात पुसले. "दोन मिनटं सांगितली होती मी. मुदत केव्हाच संपली."

चुरी फाईल मिटत होता. नीट मिटेना. बोटांत सुकेळीच्या पुडक्याचा दोरा अडकला होता. तो सोडवत, तिच्याकडे न बघता, खालच्या आवाजात त्याने विचारलं, "वाढवून मिळेल का?"

मी तोंड वळवलं. मॅनेजरसाहेब इथे हवे होते, असं मला फार वाटलं.

फिलूबायने पुडकं घेतलं, नाकाशी नेलं, वाडगा उचलला आणि आत गेली. आतून तव्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. वास आला. मी ओट्यावर ऐसपैस बसण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात चुरी म्हणाला, "सामंत, तुमची बस असेल ना?"

"बस काय, येतच असतात."

"साक्षीदाराचं काम झालं," तो म्हणाला.

एवढ्या वासातून उठणं मला किती जड गेलं, ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. चप्पल घालता घालता मी खोडी काढायची म्हणून विचारलं, "बरं, या भेटीची नोंद काय करू? सात वर्षं की नव्वद दिवस?"

चुरीने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं. "नोंद नको," तो म्हणाला.

मी दोन पावलं गेलो असेन, आतून हाक आली, "चुरी, वाढलंय."

मी सवयीने थांबलो. तो 'मेल टाका' म्हणाला नाही. चपला दाराशी काढून, वाकून, आत गेला.